परत येईन तेव्हा

दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी मटण सोडतो आणि संध्याकाळचा पेग सोडतो. बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे सोडलेल्या गोष्टींचाही हिशेब ठेवतो. चाळीस दिवसांत वाचलेले पैसे पवित्र आठवड्यात पाकिटात घालून दानपेटीत टाकायचे, हा लग्नाआधीपासूनचा रिवाज. पाकीट जाड झालं की ईस्टरचं जेवण अंमळ जास्त गोड लागतं, हे कबूल करतो.

२०२४ साली भस्मबुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका १४ फेब्रुवारीला आला. वसईतल्या आमच्या चर्चमधून पोरंपोरी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बाहेर पडत होती आणि मोटारसायकलींच्या हँडलला गुलाब अडकवलेले दिसत होते. दोन दिवसांनी, शुक्रवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातला अठ्ठावन्नावा अध्याय वाचला गेला. भस्मबुधवारानंतरच्या शुक्रवारी दर वर्षी तोच असतो. देव म्हणतो, मला हवा तो उपवास निराळा आहे. भुकेल्याला आपल्यातलं दे, उघड्याला पांघरूण घाल, आपल्याच हाडामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नकोस. पन्नासेक वेळा तरी ऐकलं असेल. ऐकताना मी त्या दिवशी मनात कोलंबीचा विचार करत होतो, कारण कोलंबी सोडायची की नाही यावर घरी वाद चालू होता.

मिस्सा संपल्यावर मावशीने गाठलं. मावशी म्हणजे सगळ्या गावाचीच मावशी. वय एकाहत्तर, जन्मभर नर्सची नोकरी, पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट.

‘रिटायर झालास ना? मग विरार फास्टचं कारण संपलं. बुधवारी सात वाजता हॉलच्या मागच्या खोलीत ये.’

मागच्या खोलीत दर बुधवारी गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची बैठक भरते, एवढंच मला माहीत होतं. गेलो तर नऊ माणसं, त्यात पन्नाशीच्या आतलं एकच. प्रार्थना, एक छोटं वाचन, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, मग कोणत्या घरी कोण जाऊन आलं त्याचा अहवाल. शेवटी एक कापडी पिशवी फिरली. प्रत्येकाने मूठ बंद करून आत घालायची आणि तशीच बाहेर काढायची. कुणी किती टाकले ते कुणाला कळत नाही. पावती नाही, नोंद नाही. बँकेतल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

‘आणि कुणी टाकण्याऐवजी काढून घेतले तर?’ मी विचारलं.

‘त्याला गरज असेल तर काढेल,’ मावशी म्हणाली. ‘त्यासाठीच मूठ बंद.’

ही सगळी पद्धत पॅरिसमधल्या काही विद्यार्थ्यांनी घालून दिलेली आहे. फ्रेडरिक ओझानाम नावाचा कायद्याचा विद्यार्थी वादविवाद मंडळात ख्रिस्ती धर्माची बाजू हिरिरीने मांडायचा. एकदा समोरच्या कुणी तरी विचारलं, तुमच्या चर्चने पूर्वी केलं ते ऐकलं, आज तुम्ही काय करता ते सांगा. ओझानामपाशी उत्तर नव्हतं. एप्रिल १८३३ मध्ये, विसाव्या वाढदिवशी, त्याने पाचसहा मित्रांबरोबर हे काम सुरू केलं. हिवाळ्यासाठी जमवलेली जळाऊ लाकडं उचलून एका गरीब घरी नेऊन देण्यापासून सुरुवात झाली असं सांगतात. पोरांना वस्तीत कसं वावरायचं ते रोझली रांदू नावाच्या एका सिस्टरने शिकवलं. पुढे तो सोर्बोनमध्ये प्राध्यापक झाला, चाळिसाव्या वर्षी गेला, आणि १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडे, घोषित केलं. मला यातली लाकडं आवडली. वादात हरल्यावर माणूस सहसा आणखी एक पुस्तक वाचतो.

घरभेटीला दोघांनीच जायचं, एकट्याने नाही, हाही त्यांचाच रिवाज. माझी जोडी मावशीशी लागली.

पहिली भेट नालासोपारा पूर्वेला. लिफ्ट नसलेली इमारत, तिसरा मजला, एक खोली. घरातला माणूस मूळचा जालन्याकडचा, आयुष्यभर सेंट्रिंगचं काम केलेला, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळतं. गळ्यात तुळशीची माळ. बायको पंचावन्नच्या आसपास, तीन घरची धुणीभांडी करायची, ती नवऱ्याच्या आजारात सुटलेली. एक मुलगी, ती लग्न होऊन सुरतेला. आम्ही किट घेऊन गेलो होतो: तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापावडर, साबण. किट देताना मी मोबाइल काढला. पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर टाकायला फोटो हवा होता, निदान मला तसं वाटलं. वहिनींनी पिशवी खाली ठेवली, पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि मग पिशवी पुन्हा हातात घेऊन उभ्या राहिल्या. फोटो चांगला आला. तो मी नंतर पुसून टाकला, पण पदर सारखा करतानाचा त्यांचा हात पुसला जात नाही.

खोलीत वास होता. मी तो कोंदट हवेचा धरला. मावशीला एका श्वासात कळलं. ‘भाऊ, जरा कुशीवर वळवते हां,’ म्हणत तिने चादर बाजूला केली. माकडहाडाच्या वर मुठीएवढी जखम होती, मध्ये काळी, कडा पिवळट, ओली. बेडसोअर हा शब्द मी ऐकलेला होता. तो असा दिसतो हे माहीत नव्हतं. फोन आल्याचं दाखवत मी बाहेर गॅलरीत गेलो.

गॅलरीत शेजारचा माणूस कठड्याला टेकून उभा होता. पस्तिशीचा, अंगात कुठल्याशा कंपनीचा टी-शर्ट.

‘ख्रिश्चन लोक का तुम्ही?’

‘हो.’

‘मग धर्म बदलायला सांगणार त्यांना?’

‘छे हो, फक्त मदत,’ मी म्हणालो. ‘फक्त’ हा शब्द तोंडातून निघाला आणि आत तो माणूस विव्हळला. शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्याचा मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण मी त्याच्या जागी असतो आणि कुणी भगवे कपडे घालून, हातात किट घेऊन आमच्या पॅरिशमधल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे आला असता, तर हाच प्रश्न मी फादरांना जाऊन विचारला असता. आमच्या गटाचा याबाबत सरळ नियम आहे: त्या घरात पत्रकं नाहीत, पवित्र शास्त्रावर बोलणं नाही, त्यांनी मागितल्याशिवाय मोठ्याने प्रार्थनाही नाही. जी करायची ती रिक्षात.

रिक्षात मावशीने मला विचारलं, ‘त्या शोमरोनी माणसाचं काय आठवतं तुला?’

मी शाळेतल्यासारखं सांगितलं. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला एक जण. याजक बाजूने निघून गेला, मंदिरात सेवा करणारा लेवी निघून गेला. शोमरोनी थांबला, जखमांना तेल आणि द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले.

‘पुढे?’

‘पुढे काय?’

‘परत येईन तेव्हा जास्तीचा खर्च फेडीन, म्हणाला. ते कुणालाच आठवत नाही.’ ती खिडकीबाहेर बघत होती. ‘दोन दीनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी. आपलं किट तेवढंच. उतारशाळेवाल्याने त्या जखमी माणसाला ठेवून घेतलं ते हा परत येणार म्हणून. शनिवारी ये. साधी चप्पल घाल, हे बूट नको.’

शनिवारपासून माझं शिक्षण सुरू झालं. मावशीच्या ओळखीचा एक डॉक्टर आधी येऊन गेला, काळं मेलेलं मांस त्याने काढून टाकलं आणि औषधं लिहून दिली. पुढचं आमच्यावर. रोजचं ड्रेसिंग वहिनींनी करायचं, बुधवार-शनिवार आम्ही जाऊन बघायचं. आधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चमचाभर मीठ टाकलं की धुवायचं पाणी झालं, बाटली विकत आणायची गरज नाही. जुनी पट्टी ओढून काढायची नाही, ती भिजवून सुटू द्यायची. ओढली तर नवीन आलेलं मांसही तिच्याबरोबर निघतं. वासावर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून ती पूड जखमेवर टाकायची, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. तीन दिवसांत वास निम्म्याने उतरला, ते पाहून मी थक्क झालो. लालसर झालेल्या कातडीला चोळायचं नाही. मी चोळायला निघालो होतो, माझ्या आजीला आम्ही तसंच चोळायचो. मध्ये भोक असलेली रबरी रिंग खाली ठेवायची नाही, तिच्या कडेने रक्त आणखी अडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसाही, रात्रीही. ‘मलम दहा पैशांचं काम करतं,’ मावशी म्हणायची, ‘नव्वद पैसे कूस बदलण्यात.’

पहिल्यांदा माझ्या हातून गॉज जमिनीवर पडला. दुसऱ्यांदा मी हातमोजे उलटे घातले. पण त्याहून मोठी चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. भाऊ सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून असायचे, डोळे मिटलेले. मला वाटायचं दुखतंय. एकदा ड्रेसिंग चालू असताना दार उघडं होतं, कुणी तरी जिन्यातून गेलं, आणि त्यांचा चांगला हात चादरीकडे धडपडत गेला. मग मी दाराला आतून ओढणी बांधली. कमरेखाली लागेल तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी सगळं झाकायचं हे मावशी पहिल्या दिवसापासून करत होती. मी ते तिची नर्सपणाची शिस्त समजत होतो.

भाऊंनी एका बुधवारी वहिनींना खूण करून मोबाइल लावायला सांगितला. अभंग सुरू झाले. ते डाव्या हाताच्या बोटांनी गादीवर ताल धरायचे. तेव्हापासून आमचं वेळेचं माप ठरलं: एका ड्रेसिंगला तीन अभंग, जखमेतून पाणी जास्त असेल तर चार. आळंदीहून पंढरपूरला तीनदा चालत गेलो, असं त्यांनी अडखळत सांगितलं, आणि तीन बोटं दाखवली. वर विठ्ठल चाललेला असायचा आणि हातातली पट्टी बांधताना माझ्या मनात ‘आमच्या स्वर्गातील बापा’ चालू असायचं. दोन्हींची लय जुळत नाही, एवढं सांगतो.

शुभवर्तमानात येशूला लोकांचा कळवळा आला असं पुष्कळदा येतं. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे, असं आमच्या फादरांनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं. आतडं तुटतं म्हणतो ना आपण, तेच. तेव्हा मी मान डोलावली होती. त्या खोलीत माझं आतडं तुटत होतं की नुसतंच ढवळत होतं, ते मला पहिले दोन महिने नीट सांगता आलं नसतं. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, ‘जखमेला काय फरक पडतो? गाठ सैल बांधलीस, परत बांध.’

किटचाही एक किस्सा झाला. महिनाभर आम्ही तांदूळ-डाळ नेत होतो. एकदा वहिनी चाचरत म्हणाल्या, ‘साहेब, रागावू नका. तांदूळ रेशनवर फुकट मिळतो. त्याच्याऐवजी डायपर मिळतील का?’ मोठ्या माणसाचा एक डायपर म्हणजे तीस-चाळीस रुपये. त्या दिवसाला एकावर भागवत होत्या, आणि जखम ओली राहण्याचं अर्धं कारण तेच होतं. कोपऱ्यात आमच्या तांदळाच्या तीन पिशव्या न उघडलेल्या होत्या. रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या बार्तिमयाला येशूने विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून. समोर आंधळा माणूस, त्याला काय हवं ते उघड दिसत असताना विचारलं. आम्ही विचारलं नव्हतं.

आता जे सांगायचं ते टाळता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

३१ मार्चला ईस्टर झाला. उपवासकाळ संपला आणि माझ्या मनाने परस्परच ठरवून टाकलं की आपलंही काम संपलं. कुणी तसं म्हटलं नव्हतं. एप्रिलात उकाडा वाढला, नालासोपाऱ्याची ती रिक्षा नको वाटू लागली. ईस्टरनंतर आमच्याकडे लग्नांचा हंगाम असतो, त्यात आमच्याच कुटुंबातली दोन लग्नं, मांडव, वाडीत पाहुणे. मावशीचा गुडघा त्याच सुमारास सुजला. ती घरात बसून होती, मी फोन करून ‘जातो मी’ म्हणायचो आणि जायचो नाही. तीन आठवडे. एकदा तर मी तिला सांगितलं की जखम छान भरतेय. कुठल्या तोंडाने सांगितलं कुणास ठाऊक. बँकेत असली नोंद कुणी केली असती तर मी त्याला मेमो दिला असता.

तीन आठवड्यांनी गेलो तर वहिनी तापाने फणफणलेल्या, जमिनीवर पडून. पाच दिवस ताप होता. रात्रीचं कूस बदलणं सुटलं होतं, नंतर दिवसाचंही. भाऊंच्या डाव्या खुब्यावर नवीन जखम पडली होती, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. जुनी पुन्हा पिवळी पडली होती. वास परत आला होता.

वहिनी उठून बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, ‘तुम्ही बिझी असाल, साहेब.’

मी एकट्याने ड्रेसिंग केलं. अभंग लावले नाहीत. भाऊंनी भिंतीकडे तोंड केलं नाही. माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. संध्याकाळी मावशीकडे जाऊन सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग गुडघ्याला पट्टा बांधत म्हणाली, ‘पापनिवेदन फादरांकडे कर. माझ्याकडे ये तर कुशीचा तक्ता घेऊन ये.’

तो तक्ता माझ्या हातून झालेलं त्या वर्षातलं बहुधा सगळ्यात उपयोगाचं काम. लेजरची सवय कामी आली. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून शब्दांऐवजी चित्रं: खिडकी म्हणजे खिडकीकडे तोंड, देवाचा फोटो म्हणजे भिंतीकडे तोंड, पंखा म्हणजे पाठीवर. खुब्याची जखम भरेपर्यंत एक बाजू बंद, पाठीवरही थोडाच वेळ, टाचांखाली उशी, गुडघ्यांमध्ये उशी. दिवसाच्या चौकटी वहिनींच्या. संध्याकाळी सहा आणि आठच्या चौकटींवर शेजाऱ्याची पाचवीतली मुलगी टिक करू लागली, तिला तो खेळ वाटायचा. मग एका रात्री दहाच्या चौकटीत मोठ्या माणसाच्या हाताची टिक दिसली. कुणाची ते मी विचारलं नाही.

पैशाचा प्रश्न मावशीने जूनमध्ये काढला. भाऊंच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, वय त्रेसष्ट. खरं वय जास्त असणार, पण कागद कागद असतो. पासष्टच्या पुढे असते तर श्रावणबाळ योजनेत गेले असते. आता संजय गांधी निराधार अनुदान योजना, तीही अपंगत्वाच्या आधारावर. तेव्हा महिना दीड हजार मिळायचे. कुटुंबाच्या उत्पन्नाला मर्यादा, तीही तुटपुंजी.  वहिनी तीन घरची कामं करत असत्या तर अर्जच बसला नसता. नवऱ्याला सोडून कामाला गेलं तर अपात्र, त्याच्यापाशी बसलं तर पात्र. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, आणि किमान चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर एक अक्षर वेगळं. बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. तीस वर्षं सिमेंट आणि लोखंडात घासलेली बोटं, त्यावर रेषा राहिल्या नव्हत्या. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं. यात मी मात्र पोहणारा मासा होतो. मावशी जखमेपाशी जशी होती तसा मी रांगेत होतो. जन्मभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, बाहेरून तो किती उंच असतो ते आता कळलं.

प्रमाणपत्रासाठी त्यांना रुग्णालयात न्यायचं होतं. रुग्णवाहिका ठरवली, पण तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं आणायचं? खुर्चीत बसवलं असतं तर जखमेवर सगळा भार. जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळेना. जाड गोधडीत घालून चार टोकं चौघांनी धरायची, असं मावशीने ठरवलं. पॅरिशमधली दोन तरुण पोरं आली, तिसरा मी. चौथा रुग्णवाहिकेचा चालक धरेल असं वाटलं होतं, पण त्याच्या पाठीला पट्टा बांधलेला.

दार उघडलं आणि शेजारी बाहेर आला. कामावर निघालेला, खांद्याला बॅग. बॅग त्याने आत फेकली आणि भाऊंच्या डोक्याकडचं उजवं टोक पकडलं. जिन्यात तोच सूचना देत होता: ‘खालच्यांनी उंच धरा. वळणावर थांबा. थांबा म्हटलं ना.’ पोरं निमूट ऐकत होती.

मार्काच्या शुभवर्तमानात पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणल्याची गोष्ट आहे. गर्दीमुळे आत जाता येईना, म्हणून ते छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. आजाऱ्याचा म्हटलेलं नाही. त्या चौघांचा धर्म, पंथ, गाव काहीच दिलेलं नाही. त्यातला एखादा फक्त शेजारी असेल आणि कामावर उशीर होत असेल, असं मला आता नेहमी वाटतं.

जुलैत लाडकी बहीण योजना आली आणि दाखल्यांच्या खिडक्यांवर रांगाच रांगा लागल्या. आमचा अर्ज त्या गर्दीत पुढे सरकेना, पण त्याच रांगेत मी वहिनींचाही अर्ज भरला. नवऱ्याच्या पेन्शनसाठी निघालो होतो, आणि ऑगस्टमध्ये आधी बायकोच्या खात्यात तीन हजार आले. त्यांनी त्यातून पहिली वस्तू घेतली ती हवेची गादी, मोटरवर फुगणारी-उतरणारी, कुणाची तरी वापरलेली. आषाढीला, १७ जुलैला, मावशी राजगिऱ्याचे लाडू घेऊन गेली होती. भाऊंनी टीव्हीवर पंढरपूर बघत निम्मा लाडू खाल्ला आणि निम्मा तिला दिला. मावशीला मधुमेह आहे. तिने खाल्ला.

खुब्याची जखम गणपतीच्या आत बंद झाली. मोठी जखम आतून लाल, दाणेदार मांसाने हळूहळू वर येत होती. जखम बुडापासून भरत यायला हवी, वरून झाकली तर आत पू राहतो, हेही मी शिकलो. दिवाळीच्या आधी ती नखाएवढी उरली. पेन्शनही त्याच सुमारास मंजूर झाली. भाऊ चालू लागले नाहीत, लागणारही नाहीत. बोलणं थोडं सुधारलं. मला ते ‘सायेब’ म्हणायचे ते आता ‘दादा’ म्हणतात, मी त्यांच्यापेक्षा लहान असून.

नोव्हेंबरात वहिनींनीच विषय काढला. ‘दादा, आता आमचं भागतंय. डायपरचे पैसे दुसऱ्या कुणाला द्या.’ दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणाला, ते त्यांना माहीत होतं. दोन इमारती पलीकडे एक म्हातारी, सून एकटी, पाठीला जखम सुरू झालेली. बुधवारी आम्ही निघालो तर वहिनी पायात चप्पल घालून तयार. शेजाऱ्याची मुलगी भाऊंपाशी बसली.

त्या घरात गेल्यावर मी नेहमीप्रमाणे हात धुवायला निघालो. तोवर वहिनींनी दाराला ओढणी बांधली होती. म्हातारीला म्हणाल्या, ‘आजी, जरा कुशीवर वळवते हां.’ सून जुनी पट्टी ओढायला गेली तर तिचा हात धरला. ‘ओढू नको, भिजव आधी. नवीन मांस निघतं.’ आणि चित्रांचा तक्ता पदरातून काढून भिंतीला लावला. खिडकी, देवाचा फोटो, पंखा. त्या घरात पंखा नव्हता. त्यांनी माझ्याकडून पेन घेऊन पंखा खोडला आणि त्याजागी मला ट्यूबलाइटचं चित्र काढायला लावलं. मावशी मोडक्या स्टुलावर बसून नुसती बघत होती.

रात्रीच्या बैठकीत मी अहवाल दिला. आमचे सेक्रेटरी काटेकोर माणूस, इतिवृत्ताच्या वहीत दोन रकाने आखलेले असतात: भेट देणारे सदस्य, आणि लाभार्थी. त्यांनी पेन वर करून विचारलं, ‘या बाईंचं नाव कुठे लिहू? सदस्य तर नाहीत. कॅथलिकही नाहीत.’

कुणीच काही बोललं नाही. मी मावशीकडे बघितलं. तिने पिशवी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, ‘आधी मूठ घाल, आठ वाजून गेले.’